सुषमाचं रिकामं खाचर

माझी भाची सुषमा कॅनडात राहते आणि इंग्रजीत कादंबऱ्या लिहिते. पेपरात तिच्यावर जे छापून येतं त्यात लोणावळ्याचं धुकं असतं, डोंगर असतात, आणि कष्टातून वर आलेली मुलगी असते. कष्ट कुठले, ते कोणी लिहीत नाही. म्हणून मी लिहितो. तिच्या पुस्तकामुळे माझ्या बहिणीचं काय झालं, तेही लिहितो.

सुषमा आंदर मावळातली. टाकव्याच्या पुढे एस.टी. सोडली की बरंच चालावं लागतं, तिथली वाडी. वाडी सगळी एका भावकीची. प्रत्येकाची चार-दोन खाचरं, पावसाळ्यात भात, एरवी जनावरं आणि मिळेल ती मजुरी. माझी बहीण कमळाबाई तिथे नवशाला दिली. त्यांना सुषमा एकटीच.

वाडीत लावणी इर्जिकीनं होते. ज्याचं रोप तयार झालं त्यानं आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन सांगायचं, उद्या आमच्यात या. सकाळी सगळी वाडी त्याच्या चिखलात उतरते. मजुरी नाही. घरधन्यानं दुपारी पोटभर जेवण घालायचं आणि उद्या दुसऱ्याच्या खाचरात स्वतः उतरायचं. बोलावलं आणि गेलं नाही असं होत नाही. पैसे देऊन माणसं आणली तर तो माणूस त्या फेऱ्यातून बाहेर पडला. मग त्याला कोणी बोलावत नाही, त्याच्याकडे कोणी जात नाही. हे कोणी ठरवलेलं नाही, पण तसंच आहे.

सुषमा चौथीत होती तेव्हा ऐन लावणीच्या तोंडावर नवशाला बांधावर साप चावला. गेणू त्याचा चुलतभाऊ. गेणूनं आणि इतरांनी घोंगडीची झोळी करून त्याला पावसात रस्त्यापर्यंत नेलं. वाटेतच गेला. वाडी एका भावकीची म्हणून सगळ्या वाडीला सुतक. सुतकात रोपाला हात लावत नाहीत. सगळी खाचरं पाणी भरून तशीच उभी राहिली. दहावं उरकून मी ड्यूटीवर परतलो. मी रेल्वेत गँगमन होतो, घाटात. सुषमाला शाळेसाठी सोबत आणलं, ती माझ्याकडेच राहिली.

ती निघाली तेव्हा तिच्या बापाच्या खाचरात नुसतं पाणी होतं. तेच तिच्या डोळ्यांत राहिलं.

तेरावं झालं, सुतक फिटलं, आणि दुसऱ्या दिवशी वाडी उतरली ती आधी कमळाबाईच्या खाचरात. तिनं कोणाला बोलावलंही नव्हतं. गेणूनं आपला चांद्या बैल जोडीत घालून चिखलणी केली, खाचर लावणीला तयार केलं. सगळ्यांचीच रोपं जून झाली होती, रोजचा दिवस मोलाचा होता. तरी आधी तिचं लावलं आणि मग आपापलं. त्या वर्षी वाडीत भात कमीच झालं. दिवाळीला मी सुषमाला घेऊन गेलो तेव्हा खळ्यावर भात होतं. ते कोणी लावलं, हे तिनं विचारलं नाही. पोर होती ती. आम्हीही सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही.

लोणावळ्यात माझी बायको एका बंगल्यावर स्वयंपाकाला जायची. बंगल्याचे लोक मुंबईहून शनिवारी यायचे आणि वाचून झालेली इंग्रजी पुस्तकं टाकून जायचे. बायको ती चुलीला लावायला म्हणून आणायची. सुषमा त्यातली काढून ठेवायची. एक पान वाचायला तिला सबंध संध्याकाळ लागायची. शब्दकोश मांडीवर, कपाळाला आठी. पान कळलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान. पुढचं पान उलटून फसवाफसवी नाही. मी बायकोला म्हणालो, ही कामाची आहे.

पुढे कॉलेज झालं, लोणावळ्याच्या हॉटेलात काउंटरला लागली, तिथल्याच अमृतशी लग्न केलं. दोघं कॅनडाला गेली. तिथे ती आधी हॉटेलच्या धुलाईत चादरी दुमडायची, मग काउंटरला आली. कामावर जाण्याआधी लिहायची. पहिली कादंबरी पूर्ण लिहिली आणि टाकून दिली. फोनवर म्हणाली, “मामा, सगळं ढिलं झालं होतं. वरून बरं दिसत होतं.” ढिलं म्हणजे काय ते मला कळलं. रुळाखालची खडी नीट ठोकली नाही की वरून रूळ सरळच दिसतो. गाडी गेली की कळतं.

दुसरी कादंबरी लिहिताना एका पावसाळ्यात ती माझ्याकडे येऊन राहिली. बायको तेव्हा गेलेली होती, मी एकटाच. ट्रंकेवर फळी टाकून तिनं टेबल केलं. मी तिला काम करताना पाहिलं आहे, म्हणून सांगतो. ती खिडकीतून डोंगर बघत बसायची नाही. डोकं खाली. दिवसभरात एखादं पान, आणि उठताना त्यातलं निम्मं खोडलेलं. हात दुखला की गरम पाण्यात धरायची आणि परत बसायची. मला विचारायची, भिजलेल्या घोंगडीचा वास कसा असतो, झोळी खांद्यावर कुठे रुतते, गँगमध्ये डबा कुठे बसून खायचे. आईकडे जाऊन आली. तिला विचारलं, बाबा गेले तेव्हा तू काय करत होतीस? कमळाबाई म्हणाली, “रडत होते. आनखी काय करनार?”

लावणीचं तिनं मला विचारलं नाही, आईला नाही, समोरच्या घरात राहणाऱ्या गेणूला नाही. ते आपल्याला माहीत आहे असं तिला वाटत होतं.

पुस्तक तिकडे छापलं, गाजलं, बक्षीस मिळालं. दोन वर्षांनी मराठीत आलं. नाव ‘रिकामं खाचर’.

गेणूचा मुलगा विकास तळेगावला कंपनीत आहे. त्यानं पुस्तक विकत घेतलं. आपल्या वाडीतल्या बाईचं पुस्तक म्हणून कौतुकानं घेतलं. उन्हाळ्यात ओटीवर सगळ्यांना जमवून वाचायला बसला. कमळाबाईला पुढे बसवलं होतं. माणसांची नावं बदललेली, वाडीचं नाव बदललेलं. लोक ऐकत होते, मान डोलवत होते. मग ते प्रकरण आलं. नवरा मेलेली बाई इर्जिकीचं जेवण रांधते, दारात उभी राहते, आणि कोणी येत नाही. लोक बांधावरून जातात, इरल्याखाली तोंडं लपवून. एकजण आपला बैल हाकत तिच्या दारावरून जातो आणि मान वळवून दुसरीकडे बघतो. बैलाचं नाव चांद्या.

माणसांची नावं बदलली, बैलाचं तसंच ठेवलं. विकासनं ते नाव वाचलं आणि थांबला. गेणूनं विचारलं, “काय म्हनलास? परत वाच.”

विकासनं परत वाचलं.

गेणू म्हणाला, “वैनी, मी तुज्या दारावरनं तोंड फिरवून गेलो व्हय?”

कमळाबाईला वाचता येत नाही. तिनं पोरीची बाजू घेतली. “माजी पोर खोटं लिवनार न्हाई, भाऊजी. इकासच काईतरी चुकीचं वाचतोय.”

ते बोलायला नको होतं. विकासनं पुस्तक मिटलं आणि घरात गेला. गेणूची बायको रतन म्हणाली, “पोरगं माजं कंपनीत सायेब हाय, त्याला वाचता येत न्हाई. बरं!”

दुसऱ्या दिवशी बहीण पुस्तक पिशवीत घालून लोणावळ्याला आली. “दादा, वाच,” म्हणाली. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. चांगलं लिहिलं होतं, हे सांगितलं पाहिजे. एक शब्द जास्त नव्हता. ती बाई, ते शिजलेलं अन्न, त्यावर बसलेल्या माश्या. वाचताना मला ते खरंच वाटलं आणि मग स्वतःचाच राग आला, कारण हे झालेलं नव्हतं.

कमळाबाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मंग त्या दिशी मी जेवाय कुनाला वाढलं?”

जुलैत सुषमा आली. पुण्यात मोठ्या हॉलमध्ये पुस्तकाचा कार्यक्रम होता. कमळाबाईला पहिल्या रांगेत बसवलं, हातात फुलं दिली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईनं माईक पुढे करून विचारलं, “आई, लेकीचा अभिमान वाटतो ना?” कमळाबाई माईकमध्ये म्हणाली, “लावनी आलीय. कवा सोडताय?” लोक खूप हसले, टाळ्या वाजवल्या. ती थट्टा करत नव्हती. रोप तयार होतं, आणि वाडीत उन्हाळ्यापासून तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. यंदा इर्जिकीला लोक येतात की नाही, हा तिच्यापुढे प्रश्न होता. आले तर ती वाडीतली, नाहीतर नुसती वाडीत राहणारी.

वाडीकडे जाताना जीपमध्ये मी सुषमाला सगळं सांगितलं. सुतकाचं, चांद्याचं, आधी तिचं खाचर लावल्याचं.

“मला आठवत होतं ते लिहिलं, मामा.”

“आठवत होतं ते अर्धं होतं. विचारायचं होतंस.”

“कादंबरी आहे ती. बातमी नाही.”

“मग बैल कशाला आणलास?”

ती म्हणाली, “खरं सांगू? आधी कळलं असतं तरी बहुतेक तेच लिहिलं असतं. पुस्तकाला ते रिकामं खाचरच हवं होतं. पण त्यांची माफी मागते मी. मनापासून मागते.”

ती खोटं बोलली नाही, एवढं मी तिच्या बाजूनं धरतो.

कमळाबाईचं म्हणणं, माफी वगैरे नको. “आपन सांगाय जाऊ. आले की झालं. लावनीला कोन राग धरून बसत न्हाई.” संध्याकाळी मायलेकी घरोघर फिरल्या, मीही मागे होतो. सगळ्यांनी बसायला पोतं टाकलं, चहा केला. कॅनडात बर्फ किती पडतो, जनावरं कुठे बांधतात, विचारलं. सुषमानं प्रत्येक घरी सांगितलं, माझ्याकडून चुकीचं लिहिलं गेलं, मला माहीत नव्हतं. लोक म्हणाले, “चालायचंच.” गेणूच्या ओटीवर ती त्याच्या पाया पडली. गेणूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“गेनूकाका, उद्या याल ना?”

गेणू म्हणाला, “येऊ की. पर आमी आलो तर तुजं पुस्तक खोटं पडंल की गं, पोरी.”

सगळे हसले. रतन पदर तोंडाला लावून हसली. विकास हसला. सुषमाही हसली. कमळाबाई हसली नाही. ती उठली आणि म्हणाली, “चल, वाटाने भिजत घालाय पायजेत.”

सकाळी कमळाबाईनं वाडीला पुरेल एवढा भात रांधला. काळ्या वाटाण्याचं कालवण, सुक्या बोंबलाची चटणी, भाकऱ्यांची चळत. चिखलणीला ट्रॅक्टर आदल्या दिवशीच फिरला होता. रोप उपटून जुड्या बांधल्या आणि बांधावर मांडून ठेवल्या. मग आम्ही तिघं दारात उभे राहिलो.

वाडी उठली. चुली पेटल्या. घोंगडीसारखं घडी घातलेलं प्लास्टिक डोक्यावर घेऊन लोक बाहेर पडले. आमच्या दारासमोरच्या बांधावरून गेले. कोणी तोंड लपवलं नाही. गेणूनं तर थांबून रामराम केला. “आज आमच्याच खाचरात उरकून घेतो म्हनलं, पाव्हनं. पानी हाय तवर,” असं मला म्हणाला आणि गेला.

कमळाबाईनं पातेल्यांवर ताटं झाकली.

सुषमानं आईचं लुगडं नेसून घट्ट खोचलं आणि खाचरात उतरली. मी उतरलो, कमळाबाई उतरली. सुषमाच्या हाताची सवय मोडली होती. रोप आडवं पडायचं, पाण्यावर तरंगायचं. कमळाबाई मागे वळून ते पुन्हा रोवायची. पण पोरगी बसली नाही. दुपारपर्यंत तिच्या बोटांची कातडी सोलली, कंबर धरली, तरी वाकलेलीच. पलीकडे गेणूच्या खाचरात वाडी उतरली होती. गाणं चाललं होतं, मधेच कोणी कोणाच्या अंगावर चिखल उडवला की आरडाओरडा. आमच्याकडे नुसता चिखलातून पाय काढल्याचा आवाज. संध्याकाळी एक खाचर झालं. तीन राहिली.

रांधलेलं अन्न तिघांनी किती खाणार? उरलेलं कमळाबाईनं जनावरांपुढे टाकलं.

सुषमाला चार दिवसांत परत जायचं होतं. ती टेकडीवर रेंज मिळते तिथे जाऊन फोन करून आली. म्हणाली, “आई, उद्या कामशेतहून माणसं येतायत. एका दिवसात उरकतील.”

“कसली मान्सं?”

“मजूर. पैसे दिलेत मी.”

कमळाबाई म्हणाली, “पैशाची मान्सं आनू नगंस. रोप वाळू दे. खाचर पडू दे. पर मजुरी आनू नगं.”

“रोप कशाला वाळू द्यायचं? ते येणार नाहीत, आई. बघितलंस ना?”

“यंदा न्हाई आली. आता मजुरी आनलीस की कंदीच येनार न्हाईत.”

“मग मी दरवर्षी पाठवीन पैसे.”

कमळाबाईनं माझ्याकडे बघितलं. मी सुषमाला म्हणालो, “ती काय म्हणते ते ऐक.” ती म्हणाली, “मामा, तिनं एकटीनं चिखलात मरायचं का? माझ्यामुळे?” डोळ्यांत पाणी होतं. ती काही ऐकण्याच्या अवस्थेत नव्हती. चूक झाली की ती ताबडतोब भरून काढायची, ही तिची सवय. पान खोडता येतं, म्हणून तिला सगळंच खोडता येतं असं वाटतं.

सकाळी पिकअप आला. परमुलखातली बायामाणसं उतरली. कामाला चांगली होती, मी नावं ठेवणार नाही. रांगा सरळ, रोप खोल नाही, उथळ नाही. उन्हं कलायच्या आत तिन्ही खाचरं लावून झाली. जेवण त्यांनी आपलं बांधून आणलं होतं. कमळाबाईनं भाकऱ्या पुढे केल्या तर त्यांची मुकादम म्हणाली, “राहू द्या मावशी, आमचं ठरलेलं असतं.”

बांधावर रतन उभी राहून बघत होती. पिकअप गेल्यावर म्हणाली, “बरं केलंस कमळे. आता तुला कुनाची मिंधी व्हायला नगं.”

सुषमा गेली. जाताना आईच्या गळ्यात पडून खूप रडली.

त्या पावसाळ्यात वाडीत पुढे सगळ्यांच्या इर्जिकी झाल्या. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी घरोघर सांगत फिरायचं. कमळाबाईचं घर वगळून पुढच्या घरात जायचं. पहिले काही दिवस ती लुगडं खोचून, प्लास्टिक हाताशी घेऊन ओटीवर बसायची. सांगायला विसरले असतील आणि ऐन वेळी हाक मारतील, म्हणून. वाडीत तिच्याइतकी सरळ रांग कोणाची नाही. लावणीत पहिली रांग तिनं धरायची आणि बाकीच्यांनी तिच्या बाजूनं लागत जायचं, असं नवशा होता तेव्हापासून चाललेलं. हाक आली नाही. मग तिनं प्लास्टिक घडी करून आढ्याला अडकवलं.

भात चांगलं झालं. तिनं ते पोतं पोतं मला पाठवलं. म्हणाली, माझ्या घशाखाली उतरत नाही.

यंदा सुषमानं मजुरीचे पैसे पाठवले. कमळाबाईनं मला ते परत करायला लावले. मी जुलैत वाडीला गेलो. माझे गुडघे आता वाकत नाहीत, तरी आम्ही दोघांनी एक खाचर लावायला घेतलं. बाकीच्यात पाणी भरून होतं, तसंच ठेवलं. ते थेट पुस्तकातल्यासारखं दिसत होतं.

रतन बांधावरून दुसऱ्या कोणाच्या इर्जिकीला निघाली होती. थांबली. कमळाबाईच्या रांगेकडे बघून म्हणाली, “कमळे, तुजी रांग अजून सरळच हाय.”

कमळाबाई म्हणाली, “तुजी कवा सरळ व्हती?”

रतनला हसू आलं. एक पाय तिनं बांधाखाली टाकल्यासारखा केला. मग पलीकडून कोणी तिला हाक मारली, आणि ती गेली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्या खाचराच्या टोकाला कधी कधी रेंज येते. सुषमा होती. आईशी बोलायचं म्हणाली. कमळाबाईनं हात लुगड्याला पुसले आणि फोन कानाला लावला. सुषमाचा आवाज मला बाहेरही ऐकू येत होता. ती नवीन कादंबरी लिहीत होती. मागच्या वर्षी आम्ही तिघं दारात उभे होतो, त्या सकाळची. ह्या खेपेला सगळं झालं तसं लिहिणार होती. आधी विचारून लिहायचं ठरवलं आहे, म्हणाली. लिहू का, आई?

कमळाबाई पाण्यानं भरलेल्या खाचरांकडे बघत होती.

“लिव की,” ती म्हणाली. “आता कोन खोटं म्हननार न्हाई. आलंच न्हाई कोन.”

फोन तिनं माझ्या हातात दिला, जुडी उचलली आणि अर्धवट राहिलेली रांग पुढे लावायला घेतली.